दरवर्षी घ्यावयाची शपथ

साहित्य शिकविणाऱ्याला आयुष्यात प्रश्न पुष्कळ विचारले जातात. बहुतेकांची उत्तरे त्याच्यापाशी तयार असतात. ज्यांची तयार नसतात असे प्रश्न थोडे. पण निवृत्तीनंतर आठवतात ते तेच. असा एक प्रश्न मला १९९४ च्या पावसाळ्यात विचारला गेला. मी मराठीत समीक्षा लिहीत आलो असलो, तरी उपजीविकेसाठी शिकविले ते इंग्रजी साहित्य. आणि त्या वर्षी एम. ए. च्या वर्गाला सर टॉमस मॅलरीचा 'ल मॉर्त दार्थर' हा ग्रंथ शिकविणे माझ्याकडे आले होते. आर्थर राजा, त्याचे गोलमेज, त्याभोवती बसणारे नाइट, म्हणजे शपथबद्ध अश्वारोही वीर, आणि अखेरीस त्या साऱ्या मंडळाचा झालेला विनाश, ही कथा इंग्रजीत ज्या गद्याने स्थिर केली ते हे पंधराव्या शतकातील गद्य. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने ते १४८५ मध्ये छापले. आमच्या ग्रंथालयात 'एव्हरीमन' मालेतील दोन खंडांची जुनी प्रत होती. तीच वर्गात हातोहात फिरत असे.

आम्ही लान्सलॉटच्या साहसांपाशी आलो होतो. वाटेत भेटलेली एक तरुणी लान्सलॉटला सांगते, की या रानात एक नाइट दबा धरून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या स्त्रियांना लुटतो, त्यांच्यावर बळजबरी करतो. लान्सलॉट हे ऐकून थक्क होतो. एखादा माणूस नाइट असावा, आणि तोच चोर असावा, स्त्रियांवर अत्याचार करणाराही असावा, हे त्याला कल्पनेपलीकडचे वाटते. असा माणूस नाइटपदाला कलंक आहे, त्याने आपली शपथ मोडली आहे, असे तो म्हणतो. मी या प्रसंगावर चार वाक्ये बोलून पुढे सरकत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नसे.

"सर, कोणती शपथ? गोलमेजाची शपथ आपण गेल्या आठवड्यात वाचली. स्त्रियांना साहाय्य करावे एवढेच तीत आहे. बळजबरी करू नये, असे कोठे आहे?" मग थोडे थांबून ती म्हणाली, "आणि सर, या लेखकावरच असा आरोप होता, असे मी एका कोशात वाचले. ते तुम्ही आम्हांला का सांगितले नाही?"

मी उत्तर दिले, की लेखकाचे चरित्र हा आपल्या अभ्यासाचा विषय नव्हे. आपला विषय संहिता. हे उत्तर मला तोंडपाठ होते. विमसट आणि बिअर्डस्ली यांचा लेखकाच्या हेतूविषयीचा १९४६ चा निबंध आणि लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा बार्थचा १९६७ चा निबंध यांच्या आधारावर माझ्या पिढीने समीक्षेचे धडे गिरविले होते. विद्यार्थिनी खाली बसली. तास संपला. परंतु तिने विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी पहिला प्रश्न संहितेचाच होता, आणि त्याचे उत्तर मी दिलेले नव्हते, हे माझ्या ध्यानात घरी गेल्यावर आले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते मी सांगितले नव्हते, इतकेच. ते आता सांगतो.

ग्रंथाच्या शेवटी लेखक आपले नाव देतो, आपण नाइट असल्याचे सांगतो, आणि एडवर्ड चौथ्याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, म्हणजे १४६९-७० मध्ये, ग्रंथ पुरा झाल्याचे नमूद करतो. आपली सुटका व्हावी म्हणून वाचकांनी देवाची प्रार्थना करावी, अशी विनंतीही तो करतो. हा टॉमस मॅलरी कोण, याचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किट्रिज या अमेरिकन पंडिताने घेतला आणि वॉरिकशायर परगण्यातील न्यूबोल्ड रेव्हल येथील जमीनदाराकडे बोट दाखविले. हे घराणे मान्यवर होते. वडील जॉन मॅलरी परगण्याचे शेरीफ झाले होते आणि पार्लमेंटात परगण्याच्या वतीने अनेकदा बसले होते. टॉमस १४४१ पर्यंत नाइट झालेला होता, आणि १४४५ मध्ये वडिलांप्रमाणे तोही वॉरिकशायरचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात गेला.

त्या काळचे पार्लमेंट आजच्या कल्पनेने पाहून चालणार नाही. राजा बोलावील तेव्हा ते भरे; बहुधा त्याला पैसा हवा असे तेव्हा. प्रत्येक परगण्यातून दोन प्रतिनिधी येत. शहरांचे प्रतिनिधी संख्येने अधिक असत, पण सभागृहात वजन असे ते परगण्यांच्या नाइटांचे. निवड परगण्याच्या न्यायसभेत होई, आणि १४२९ च्या कायद्यानुसार वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यालाच तीत मत असे. निवड झाल्यावर शेरीफ लेखी करार करून नावे वेस्टमिन्स्टरला कळवी. परगण्याच्या प्रतिनिधीला दिवसाला चार शिलिंग भत्ता मिळे, शहराच्या प्रतिनिधीला दोन. आणि तो ज्यांनी पाठविले त्यांनी द्यावयाचा असे. कॉमन्सचे सभासद वेस्टमिन्स्टर मठाच्या भोजनगृहात बसून विचारविनिमय करीत. सारांश, ही गावच्या प्रतिष्ठितांची सभा होती, आणि मॅलरी त्या प्रतिष्ठितांपैकी एक होता. १४४३ मध्ये त्याच्यावर मारहाणीचा आणि चोरीचा एक आरोप आला होता खरा. पण तो बारगळला, आणि दोनच वर्षांनी शेजाऱ्यांनी त्याला आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले.

तो ज्या पार्लमेंटात बसला त्याच पार्लमेंटाने एक कायदा केला. परगण्यांचे प्रतिनिधी यापुढे त्या-त्या परगण्यातील नामांकित नाइट असावेत, अथवा नाइट होण्यास पात्र असे जन्माने कुलीन गृहस्थ असावेत. साधा शेतकरी या जागी येता कामा नये, असे त्याचे तात्पर्य. या कायद्यामागची समजूत उघड आहे. कुल चांगले, तर माणूस चांगला. नाइटपद एकदा मिळाले, की ते माणसाला चिकटले. देशाचा कारभार अशा माणसांच्या हाती सुरक्षित राहील.

१४४९ च्या नोव्हेंबरात भरलेल्या पार्लमेंटातही मॅलरी होता. पण या वेळी ग्रेट बेडविन या विल्टशायरमधील लहानशा गावाचा प्रतिनिधी म्हणून. प्रतिनिधी त्या ठिकाणचा रहिवासी असावा असा कायदा १४१३ पासून होता, आणि तो पाळला जात नव्हता. हे पार्लमेंट नाताळसाठी स्थगित झाले असता, ४ जानेवारी १४५० रोजी, मॅलरी सव्वीस साथीदारांसह कूम मठाच्या रानात शस्त्रे घेऊन दबा धरून बसला आणि त्याने बकिंगहॅमचा ड्यूक हंफ्री स्टॅफर्ड याला ठार मारण्याचा प्रयत्न केला, असा त्याच्यावर आरोप आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात, पार्लमेंटाचे तिसरे सत्र लेस्टर येथे चालू असताना, त्याने ह्यू स्मिथ नावाच्या माणसाच्या घरात शिरून त्याची बायको जोन हिच्यावर बलात्कार केला. आणि ऑगस्टात कॉव्हेंट्री येथे तेच पुन्हा केले, व जाताना ह्यूचा चाळीस पौंड किंमतीचा माल नेला, असा दुसरा आरोप. पुढे धमकावून पैसे उकळल्याचे आरोप आहेत. १४५१ च्या जूनमध्ये सात गायी, दोन वासरे, एक गाडी आणि ३३५ मेंढ्या पळविल्याचा आहे. जुलैमध्ये त्याला धरून कोल्सहिल येथे शेरीफच्या घरी ठेवले, तेव्हा दोनच दिवसांत तो रात्री खंदक पोहून पळाला. आणि लगेच मोठा जमाव घेऊन त्याने कूम मठ फोडला व लुटला, असेही म्हटले आहे. ऑगस्टात ननीटन येथे न्यायाधीशांसमोर हे सारे आरोप एकत्र मांडले गेले. त्या न्यायासनावर मुख्य होता स्वतः बकिंगहॅमचा ड्यूक.

१४५२ च्या आरंभी वेस्टमिन्स्टरला मॅलरीने आपण निर्दोष असल्याचे सांगितले आणि परगण्यातील ज्यूरीपुढे न्याय मागितला. ती ज्यूरी कधी जमलीच नाही. खटला चालला नाही. शिक्षा झाली नाही. निर्दोष सुटकाही झाली नाही. लंडनच्या एका तुरुंगातून दुसऱ्यात, मधूनमधून जामिनावर, एकदा कोल्चेस्टरचा तुरुंग फोडून, अशी त्याची आठ वर्षे गेली. एडवर्ड चौथ्याच्या कारकिर्दीत १४६२ मध्ये त्याला माफी मिळाली. परंतु १४६८ च्या सार्वत्रिक माफीतून ज्यांना नावानिशी वगळले त्यांत तो पुन्हा आहे. या दुसऱ्या काळात लिहिला गेला तो हा ग्रंथ. १४ मार्च १४७१ रोजी तो वारला आणि न्यूगेटच्या तुरुंगाजवळ असलेल्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पुरला गेला.

ननीटनची ही कागदपत्रे एडवर्ड हिक्सने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि मॅलरीच्या अभ्यासकांची मोठीच पंचाईत झाली. इंग्रजीतील वीरधर्माचा सर्वांत थोर ग्रंथ अशा माणसाने लिहावा? या प्रश्नापासून स्वतःचा बचाव करण्याचे तीन मार्ग अभ्यासकांनी काढले. त्या तिन्हींचा आश्रय मी वेळोवेळी घेतला आहे, म्हणून त्यांविषयी थोडे अधिकाराने बोलू शकतो.

पहिला मार्ग असा, की हा तो मॅलरी नव्हेच. १९६६ मध्ये विल्यम मॅथ्यूजने एक सबंध पुस्तक लिहून यॉर्कशायरमधील दुसऱ्या एका टॉमस मॅलरीचा पक्ष मांडला. त्याचे भाषेविषयीचे मुद्दे विचारार्ह होते. परंतु ग्रंथाचा आशय आणि या माणसाचे वर्तन यांचा मेळ बसत नाही, हेही त्याच्या युक्तिवादाचे एक बळ होते. हे बळ फसवे आहे. चांगला ग्रंथ चांगल्याच माणसाने लिहिलेला असला पाहिजे, असे आधी ठरवून मग लेखक शोधणे म्हणजे संशोधन नव्हे. पी. जे. सी. फील्ड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात सर्व पुरावा पुन्हा तपासला, आणि नाइट असलेला व तुरुंगात पडलेला टॉमस मॅलरी म्हणून वॉरिकशायरचाच माणूस उरतो, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा मार्ग म्हणजे आरोप खोटे होते असे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. ज्याच्या खुनाचा प्रयत्न झाला असे म्हणावयाचे तोच न्यायासनावर बसतो, तेव्हा न्यायाविषयी शंका घेतलीच पाहिजे. ती वर्षे गटबाजीची होती, आणि विरुद्ध गटाच्या माणसाला आरोपांखाली गाडणे हे राजकारणाचे नेहमीचे साधन होते. परंतु एक आरोप संशयास्पद ठरला म्हणजे सगळे आरोप खोटे ठरत नाहीत. जोन स्मिथच्या बाबतीत असेही सांगण्यात येते, की लॅटिन कागदातील शब्दाचा अर्थ केवळ पळवून नेणे असाही होतो. तो होतो, हे खरे. पण त्या कागदात त्या शब्दापुढे त्याने तिच्याशी शरीरसंबंध केला असे स्पष्ट वाक्य आहे. शब्दकोश तेथे कामाला येत नाही.

तिसरा मार्ग माझा. लेखक बाजूला ठेवा, संहिता वाचा. हा मार्ग सर्वांत सभ्य दिसतो, आणि वर्गात त्याचा उपयोगही सर्वांत अधिक. मात्र त्या विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न मला याच मार्गावर अडवीत होता. लान्सलॉट म्हणतो त्या नाइटाने शपथ मोडली. आमच्यापुढील पुस्तकातील शपथेत तसे कलम नव्हते. मग एक तर लान्सलॉट सैलपणे बोलत होता, नाही तर पुस्तकात काही तरी कमी होते.

पुस्तकात कमी होते. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका ग्रंथालयातून मी यूजीन व्हिनाव्हेर यांची आवृत्ती मागविली, तेव्हा ते मला दिसले. विद्यार्थिदशेत ही आवृत्ती मी चाळली होती; पण शपथेचे पान ताडून पाहण्याचे कारण मला पडले नव्हते. त्या आवृत्तीची हकीकत अशी. कॅक्स्टनच्या छापील प्रतीखेरीज या ग्रंथाची दुसरी प्रत उपलब्ध नाही, असे साडेचार शतके मानले जात होते. १९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजातील शिक्षक वॉल्टर ओकशॉट जुन्या पुस्तकांच्या बांधणीची पाहणी करीत असताना तिजोरीतील एक जाड हस्तलिखित त्यांच्या हाती आले. त्याची पहिली आणि शेवटची पाने गळालेली होती. दोन लेखनिकांनी ते लिहिले होते, आणि माणसांची नावे जागोजागी तांबड्या शाईत होती. तो मॅलरीचा ग्रंथ होता. व्हिनाव्हेर यांनी त्यावरून १९४७ मध्ये आपली आवृत्ती सिद्ध केली. १९७६ मध्ये हे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत गेले. तेथे लोटे हेलिंगा यांनी त्याच्या पानांवर छापखान्याच्या शाईचे पुसट ठसे दाखवून दिले. हे हस्तलिखित कॅक्स्टनच्या कामाच्या जागी होते, असे त्यावरून ठरले. मात्र कॅक्स्टनने छपाई दुसऱ्या प्रतीवरून केली असावी असे मानतात. दोन्ही साधने एकमेकांस पुरवणी आहेत: लेखकाचे अखेरचे निवेदन केवळ छापील प्रतीत आहे, तर हा भाग आपण कैदेत असताना लिहिला असे सांगणारे मधले निवेदन केवळ हस्तलिखितात.

शपथेचेही तसेच. छापील प्रतीत नाइटांनी स्त्रियांना साहाय्य करावे, नाही तर मृत्युदंड, असे एक कलम आहे. हस्तलिखितात त्या कलमाच्या मध्यावर आणखी दोन गोष्टी आहेत: स्त्रियांच्या हक्कांना पाठबळ द्यावे, आणि त्यांच्यावर कधीही बळजबरी करू नये. साहाय्याचे वचन आणि मृत्युदंड यांच्या मधली एवढीच शब्दरचना छापील प्रतीत नाही. ती मुद्रकाने गाळली, की त्याच्या हातातील प्रतीतच नव्हती, हा पाठचिकित्सेचा प्रश्न. पण तिच्यावाचून लान्सलॉटचे बोलणे अर्धवट राहते, आणि हे एका विद्यार्थिनीला केवळ छापील प्रत वाचून जाणवले होते.

आता संहितेपाशी राहावयाचे म्हणूनही चरित्र टाळता येईना. आर्थरच्या जुन्या फ्रेंच कथांत ही शपथ नाही. ती मॅलरीने स्वतः घातली आहे, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. तिची इतर कलमेही पाहावीत. अत्याचार आणि खून करू नये. द्रोहापासून दूर राहावे. जो दयेची याचना करील त्याला दया दाखवावी. धनासाठी वा प्रेमासाठी अन्यायाच्या बाजूने लढू नये. ननीटनच्या कागदातील आरोपांची यादी आणि ही शपथ शेजारी शेजारी ठेवली, तर एक दुसऱ्याच्या उलट बाजूवर लिहिल्यासारखे वाटते. दबा धरणे, लूट, खंडणी, बळजबरी: जे-जे केल्याचे त्याच्याविषयी म्हटले गेले, ते-ते करू नये अशी शपथ त्याने आपल्या नाइटांना घ्यावयास लावली.

याला ढोंग म्हणणे सोपे आहे, आणि पश्चात्ताप म्हणणेही तितकेच सोपे. पहिल्याने वाचकाचा राग शमतो, दुसऱ्याने लेखक सुटतो. दोन्हींसाठी पुरावा नाही. पुरावा आहे तो शपथ कथेत कोठे येते याचा, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

आर्थरच्या विवाहाच्या दिवशी तीन नाइट तीन कामगिऱ्यांवर निघतात. गावेन एका पराभूत नाइटाने मागितलेली दया नाकारतो आणि तलवार उगारतो. त्या नाइटाची प्रिया त्याच्या अंगावर झोकून देते, आणि गावेनच्या वाराने तिचे शिर तुटते. पेलिनॉर राजा कामगिरीच्या घाईत असतो. वाटेत जखमी प्रियकरापाशी बसलेली एक स्त्री साहाय्यासाठी हाका मारते, तिच्याकडे तो लक्ष देत नाही. परत येताना ती मेलेली आढळते, आणि पुढे कळते, की ती त्याचीच मुलगी होती. हे घडून गेल्यावर आर्थर आपल्या नाइटांना शपथ देतो. म्हणजे शपथ आधी आणि मग तिचा भंग, असा येथे क्रम नाही. आधी अपराध, मग शपथ. थोर पुरुषांच्या थोरपणातून ती आलेली नाही. त्यांनी काय-काय केले, हे दरबाराने ऐकले, त्यातून ती आली. आणि ती एकदा घेऊन भागत नाही. वृद्ध आणि तरुण, सर्व नाइटांनी दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला ती पुन्हा घ्यावयाची, असे मॅलरी लिहितो.

याच ठिकाणी मला १४४५ चा कायदा आठवतो. नाइट आणि कुलीन गृहस्थ तेवढे निवडा, म्हणजे झाले, असे तो कायदा म्हणत होता. त्या सभागृहात बसलेल्या माणसाने पुढे पंचवीस वर्षांनी कैदेत लिहिताना कुलावर विसंबून राहणे सोडलेले दिसते. त्याच्या गोलमेजावर बसण्याची पात्रता जन्माने येते खरी. पण जन्माने आलेल्या पात्रतेला वर्षाच्या वर्षाला नवी शपथ लागते, कारण ती वर्षभर टिकेल याची खात्री कोणालाच नाही. ही खात्री नसणे त्याला कोठून कळले? मोठ्या घरच्या माणसांनी काय केले हे त्याने वॉरिकशायरच्या गटबाजीत पाहिले होते. आणि त्याच्यावरील आरोपांपैकी एक जरी खरा असेल, तर ते त्याला आतूनही ठाऊक होते. कथेच्या उत्तरार्धात सर अरी या जखमी नाइटाच्या जखमा सगळ्यांत चांगल्या नाइटाच्या स्पर्शानेच भरून येणार असतात. राणीच्या प्रेमात सापडलेला, स्वतःचे पाप ओळखणारा लान्सलॉट भीतभीत हात लावतो. जखमा भरतात, सर्व मंडळी आनंद करू लागतात, आणि तो एकटा रडतो. हा प्रसंगही मॅलरीचा स्वतःचा मानला जातो. ज्याला नाइटपदाची इतकी चिंता होती, त्याला ते सहज मिळते किंवा टिकते असे वाटत नव्हते.

हे विवेचन मी नंतर अनेक वर्षे वर्गात केले, आणि विद्यार्थ्यांना ते आवडत असे. मलाही आवडत असे. ते आवडण्यात एक धोका आहे, हे उशिरा ध्यानात आले. अपराधी म्हणून नोंदलेला माणूस, त्याची कैद, त्याची शपथ, त्याचे अश्रुपूर्ण गद्य, असे सगळे जुळले, की बोलणारा आणि ऐकणारे दोघेही समाधान पावतात. आणि जोन स्मिथ ही त्या समाधानाची किंमत होऊन बसते. एका स्त्रीवर काही झाले, म्हणून साहित्याला एक चांगली शपथ मिळाली, असा हिशेब नकळत मांडला जातो.

जोनचे स्वतःचे एकही वाक्य ननीटनच्या कागदात नाही. तक्रार नवऱ्याच्या नावाने आहे. १३८२ च्या कायद्याने अशा खटल्यात पतीला आणि पित्याला फिर्याद करण्याचा अधिकार दिला होता. स्त्रीने मागाहून संमती दिली असली तरीसुद्धा. अपराध झाला तो कोणाचा, तर ज्याची ती होती त्याचा, असे या कायद्याचे गृहीतक दिसते. म्हणूनच ऑगस्टच्या आरोपात जोन आणि चाळीस पौंडांचा माल एकाच ओळीत बसू शकले. तिच्यावर बळजबरी झाली असेल, तर कागदाने तिची वेदना नवऱ्याच्या नुकसानीत जमा केली. ती स्वखुशीने गेली असेल, तर कागदाने तिची इच्छाही पुसून टाकली. दोन्ही शक्यतांत तिचा आवाज गेला तो गेलाच. अशा काळात, स्त्रियांच्या हक्कांना पाठबळ द्यावे आणि बळजबरी करू नये, असे शब्द कोणी लिहिले असतील, तर त्या शब्दांत स्त्री ही कोणाची मालमत्ता म्हणून आलेली नाही, हे नमूद केले पाहिजे. तेथे पतीचा उल्लेख नाही, पित्याचा नाही. देशाच्या कायद्याहून ते शब्द पुढे आहेत. आणि तरीही ते जोनच्या वतीने साक्ष देत नाहीत, आणि मॅलरीच्या वतीनेही देत नाहीत.

समीक्षकाने अशा वेळी काय करावे? ग्रंथ टाकून द्यावा असे मला वाटत नाही. ज्या शपथेने त्याचा न्याय करावयाचा ती त्याच्याच ग्रंथातून घ्यावी लागते. चरित्र लपवावे, हेही आता वाटत नाही. मी जे लपविले होते ते संहितेच्या शुद्धतेसाठी, असा माझा समज होता. वस्तुतः तो माझ्या तासाच्या सोयीसाठी होता. एक थोर ग्रंथ शिकवीत असताना मध्ये अडचण नको होती, एवढेच. आणि या सोयीपायी संहितेतील एक कलमच माझ्या नजरेतून निसटले, ही गोष्ट मला अधिक लागली. जो प्रश्न विचारावयाचा नाही असे आपण ठरवितो, त्याच्या उत्तराचे शब्द डोळ्यांपुढे असले तरी दिसत नाहीत.

व्हिनाव्हेर यांची आवृत्ती परत करण्यापूर्वी मी एक नियमबाह्य गोष्ट केली. आमच्या ग्रंथालयातील जुन्या प्रतीत, शपथेच्या पानाच्या समासात, गळालेले कलम पेन्सिलीने लिहून ठेवले, आणि कलमापुढे १९३४ हे साल घातले. पुढच्या तासाला ते वर्गात वाचून दाखविले, आणि हा प्रश्न कोणी विचारला होता तेही सांगितले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी प्रथमच दिले, ननीटनच्या आरोपांसह. ती विद्यार्थिनी नेहमीप्रमाणे काही बोलली नाही. वहीत लिहून घेत होती.

निवृत्त होण्याच्या सुमारास ग्रंथालयातील माझ्या नावावरची पुस्तके परत करीत असता ती प्रत पुन्हा हाती आली. माझी पेन्सिल पुसट झाली होती. तिच्याखाली दुसऱ्या कोणी, मला न ओळखणाऱ्या अक्षरात, एवढेच लिहिले होते: "जोनचे काय झाले?" प्रश्नाखाली मी काहीही लिहिले नाही. पुस्तक मिटून टेबलावर ठेवले, आणि ते पुन्हा मांडणीवर जाईल, रद्द पुस्तकांत जाणार नाही, अशी ग्रंथपालांना विनंती करून बाहेर आलो.